मुंबईहून युरोप: कनेक्टिंग फ्लाइट निवडायची कशी आणि लेओव्हर किती ठेवायचा

मुंबईहून लंडन, पॅरिस, फ्रँकफर्ट, ॲमस्टरडॅम, झुरिक इथे थेट विमानं जातात. पण सहल रोमपासून सुरू करायची असेल, प्राग-व्हिएन्ना-बुडापेस्ट बघायचं असेल किंवा थेट विमानाचं भाडं झेपत नसेल, तर मधे एकदा विमान बदलावंच लागतं. तिकीट शोधताना बहुतेक लोक भाडं बघतात आणि एकूण तास बघतात. मधल्या विमानतळावर आपल्याला नेमकं काय काय करायचं आहे, हे मात्र कुणी विचारत नाही. नुसतं एका गेटवरून दुसऱ्या गेटवर जायचंय, की सुरक्षा तपासणी, इमिग्रेशन, सामान उचलणं, पुन्हा चेक-इन असं सगळं आहे? लेओव्हर, म्हणजे दोन विमानांमधला वेळ, दीड तास पुरेल की चार तासही अपुरे पडतील, ते यावर ठरतं. म्हणून कुठलाही पर्याय समोर आला की ही कामं आधी कागदावर लिहून काढा, भाड्याकडे त्यानंतर बघा.

आधी मार्ग, मग व्हिसा, मग पैसे

आपल्याकडची नेहमीची सहल म्हणजे पॅरिस, स्वित्झर्लंड, इटली. अशा सहलीत पॅरिसला उतरून पॅरिसहूनच परतायचं म्हटलं, तर शेवटी रोमहून उलटं पॅरिसला यावं लागतं. त्यात एक अख्खा दिवस आणि एक जास्तीचं भाडं जातं. त्याऐवजी तिकिटाच्या साइटवर ‘मल्टी-सिटी’ निवडा: जाताना मुंबई-पॅरिस, येताना रोम-मुंबई. बहुतेक मोठ्या कंपन्यांकडे याचं भाडं साध्या रिटर्न तिकिटाच्या आसपासच असतं. दोन वेगळी वन-वे तिकिटं काढली तर मात्र ती बऱ्याचदा खूप महाग पडतात.

व्हिसाचा अर्ज ज्या देशात सर्वांत जास्त रात्री राहणार त्या देशाकडे करायचा. रात्री सारख्याच असतील तर ज्या देशातून शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, शिरणार त्याच्याकडे. फ्रान्सने व्हिसा दिला म्हणजे पहिलं पाऊल फ्रान्समध्येच पडायला हवं, असा समज खूप पसरलाय. तसा नियम नाही. फ्रान्सच्या व्हिसावर फ्रँकफर्टला इमिग्रेशन करून पुढे पॅरिस गाठता येतं. विचारलं तर हॉटेलची आणि पुढच्या विमानाची कागदपत्रं दाखवता आली पाहिजेत, एवढंच.

अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून करता येतो आणि निदान १५ दिवस आधी तरी द्यावाच लागतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत जायचं असेल तर अपॉइंटमेंटची मारामार असते, तेव्हा जानेवारी-फेब्रुवारीतच हालचाल करा. अर्जाला विमानाचं आरक्षण जोडावं लागतं, पण त्यासाठी परत न मिळणारे पैसे भरून बसू नका. रद्द करता येईल असं तिकीट घ्या, किंवा कंपनी थोडे पैसे घेऊन भाडं काही तास धरून ठेवत असेल तर तसं करा. पासपोर्ट १० वर्षांच्या आत काढलेला, परतीच्या तारखेनंतर किमान ३ महिने चालणारा आणि दोन कोरी पानं असलेला हवा. प्रवास विम्याचं संरक्षण किमान ३०,००० युरोचं लागतं.

मार्ग आखताना एक सापळा लक्षात ठेवा. व्हिसा सिंगल एंट्री असेल तर शेंगेनमधून एकदा बाहेर पडलात की परत आत शिरता येत नाही. पॅरिस झाल्यावर चार दिवस लंडन आणि मग रोम, अशी सहल सिंगल एंट्रीवर जमणार नाही. लंडन एकदम सुरुवातीला किंवा एकदम शेवटी घ्या, नाहीतर मल्टिपल एंट्रीचा व्हिसा मागा. आयर्लंड, सर्बिया आणि तुर्कीसुद्धा शेंगेनबाहेरच आहेत. क्रोएशिया मात्र २०२३पासून शेंगेनमध्ये आहे.

सगळा प्रवास एकाच पीएनआरवर

मुंबई ते रोम हा सगळा प्रवास एकाच तिकिटावर असेल, तर पहिल्या विमानाला उशीर झाल्यामुळे दुसरं चुकलं तरी पुढच्या विमानात बसवायची जबाबदारी कंपनीची असते. सामान थेट रोमला जातं. मुंबई-फ्रँकफर्ट एका कंपनीचं आणि फ्रँकफर्ट-रोम दुसऱ्या स्वस्त कंपनीचं असं वेगवेगळं तिकीट काढलं, तर दुसऱ्या कंपनीला तुमच्या पहिल्या विमानाशी काही घेणंदेणं नसतं. चुकलं की नवं तिकीट, तेही त्या दिवसाच्या भाड्याने. शिवाय फ्रँकफर्टला इमिग्रेशन करून बॅगा उचला, दुसऱ्या काउंटरवर जा, तिथलं वजन वेगळं, पैसे वेगळे.

काही साइट दोन स्वतंत्र तिकिटं जोडून एका प्रवासासारखी दाखवतात. ‘सेल्फ ट्रान्सफर’ असे शब्द दिसले किंवा प्रत्येक विमानाला वेगळा पीएनआर आला, की समजा तुमची जबाबदारी तुमच्यावरच. असं तिकीट घ्यायचंच असेल तर मधे निदान ५-६ तास ठेवा. मुक्काम ठेवलात तर उत्तमच. स्वस्त कंपन्यांचे नियमही वाचा. रायनएअरसारख्या कंपन्यांकडे युरोपबाहेरच्या पासपोर्टधारकांना सुरक्षा तपासणीआधी काउंटरवर जाऊन कागदपत्रं तपासून घ्यावी लागतात, आणि बॅग घेणारं काउंटर विमान सुटण्याच्या ४० मिनिटं आधी बंद होतं.

एकाच पीएनआरचीही एक अट आहे: पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळी विमानं क्रमाने वापरायची. मुंबई-फ्रँकफर्ट-पॅरिस तिकीट असताना “फ्रँकफर्टलाच उतरू, मावशीकडे राहू आणि ट्रेनने पॅरिसला जाऊ” असं ठरवलंत, तर पुढची सगळी तिकिटं परतीसकट रद्द होतात. बॅग तर पॅरिसला पोचलेलीच असते.

तिकिटावर नाव पासपोर्टप्रमाणेच घाला. आपल्या पासपोर्टवर ‘गिव्हन नेम’च्या रकान्यात बहुधा स्वतःचं नाव आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव अशी दोन्ही असतात. ती दोन्ही नावं त्याच क्रमाने घाला, आडनाव वेगळ्या रकान्यात. लग्नानंतर आडनाव बदललं असेल पण पासपोर्ट जुनाच असेल, तर तिकीटही जुन्या नावानेच.

आणि विमानतळाचं नाव वाचा, नुसत्या शहराचं नको. इस्तंबूलचा मोठा विमानतळ युरोपच्या बाजूला आहे, तर सबिहा गोकचेन आशियाच्या बाजूला. मिलानला मालपेन्सा, लिनाते आणि बेर्गामो असे तीन आहेत. पॅरिसला शार्ल द गोल आणि ओर्ली. एका विमानतळावर उतरून दुसऱ्यावरून उडायचं असेल तर तो लेओव्हर नसून शहराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचा प्रवास आहे.

युरोपातल्या विमानतळावर बदलायचं असेल तर

मुंबई-फ्रँकफर्ट-रोम हेच उदाहरण घेऊ. शेंगेन देशांचं इमिग्रेशन पहिल्या शेंगेन विमानतळावर होतं, म्हणजे फ्रँकफर्टला. रोमला उतरल्यावर पासपोर्ट तपासणी नाही, पुणे-नागपूर विमानातून उतरल्यासारखं सरळ बॅगा घेऊन बाहेर. त्यामुळे सगळा ताण फ्रँकफर्टवर येतो. भारतातून आलेल्या प्रवाशांची तिथे सुरक्षा तपासणीही पुन्हा होते. मुंबईत सुरक्षा तपासणीनंतर भरलेली पाण्याची बाटली तिथे टाकावी लागते. ड्युटी-फ्रीमधून घेतलेली बाटली पावतीसकट सीलबंद पिशवीत असेल तरच चालते, म्हणून ती पिशवी मधे फोडू नका.

आता दीड तासाचा हिशोब करून बघा. विमान सकाळी ७:०० वाजता धावपट्टीवर टेकलं. गेटला लागेपर्यंत १० मिनिटं. तुम्ही मागच्या रांगांमध्ये असाल तर बाहेर पडायला १५. सुरक्षा तपासणीला २०, पासपोर्टच्या रांगेत ३०, पुढच्या गेटपर्यंत चालायला १५. झाले ८:३०. रोमचं विमान ८:३०चं असेल तर त्याचं गेट ८:१५च्या सुमारास बंद झालेलं असतं. आणि हे विमान वेळेवर आलं तर! विमान गेटला न लागता लांब उभं राहिलं आणि बसने आणलं, की आणखी १०-१५ मिनिटं गेली.

फ्रँकफर्टला ४५ मिनिटांच्या अंतराचंही तिकीट विकलं जातं, कारण कंपनी आणि विमानतळ यांनी मिळून ठरवलेली किमान वेळ तेवढी आहे. विकलं म्हणजे गाठता येईलच असं नाही. त्यात ऑक्टोबर २०२५पासून शेंगेनच्या सीमेवर एंट्री-एक्झिट सिस्टीम सुरू झाली आहे. पासपोर्टवर शिक्का मारायच्या ऐवजी चेहऱ्याचा फोटो आणि प्रवासाची नोंद संगणकात होते, आणि पहिल्या वेळी त्याला वेळ लागतो. जाताना शेंगेन विमानतळावर विमान बदलत असाल तर २ ते ३ तास ठेवा. आई-वडील किंवा लहान मुलं बरोबर असतील तर ३च्या खाली येऊ नका. येताना बाहेर पडायचं इमिग्रेशनही फ्रँकफर्टलाच होतं, तेव्हा तिथेही २ तास हवेत.

पर्याय निवडताना आणखी एक गोष्ट बघा: आपलं जोडविमान त्या दिवसाचं शेवटचं तर नाही ना? सकाळचं विमान चुकलं तर दुपारच्यात बसवतात. रात्री ९:३०चं चुकलं की मुक्काम विमानतळाजवळच्या हॉटेलात.

बऱ्याच ठिकाणी दुसरं विमान घ्यायचीही गरज नसते. झुरिक विमानतळाखालीच रेल्वे स्टेशन आहे आणि शहरातलं मुख्य स्टेशन तिथून १०-१२ मिनिटांवर. ल्युसर्न किंवा इंटरलाकेनला जायचं असेल तर झुरिकला उतरून ट्रेनच पकडावी. ॲमस्टरडॅमच्या स्किपॉल विमानतळाखालीही स्टेशन आहे, आणि फ्रँकफर्ट विमानतळावरून कोलोनला वेगवान ट्रेनने साधारण तासाभरात पोचता येतं.

आखात, इस्तंबूल, दिल्ली आणि लंडन

दुबई, दोहा, अबू धाबी किंवा इस्तंबूलला एकाच तिकिटावर बदलत असाल तर तिथे इमिग्रेशन नसतं. सुरक्षा तपासणी आणि चालणं, एवढंच. शेंगेनचं इमिग्रेशन रोमला. म्हणून इथे २ तास आरामात पुरतात, दीड तासही बहुधा चालतो. प्राग, बुडापेस्ट, अथेन्स अशा शहरांसाठी हा मार्ग सोयीचा. परतीला मात्र शेंगेनमधून बाहेर पडायचं इमिग्रेशन रोमलाच होणार, तेव्हा रोमच्या विमानतळावर ३ तास आधी पोचा.

दुबई-अबू धाबीमार्गे जाणाऱ्यांनी एक काळजी घ्यायलाच हवी. संयुक्त अरब अमिरातीत खसखस बेकायदा आहे, नुसतं विमान बदलत असलात तरीही. घरच्या गोड्या मसाल्यात, काळ्या मसाल्यात खसखस असते. अनारशांवरही असते. या मार्गाने जाताना ते डबे घरीच ठेवा.

आखाती मार्गाचा धोका म्हणजे हवाई हद्द बंद होणं. २३ जून २०२५ रोजी कतारने काही तास आपली हद्द बंद केली, तेव्हा दोहामार्गे जाणारे हजारो प्रवासी ठिकठिकाणी अडकले. एकाच तिकिटाचं महत्त्व अशा वेळी कळतं. तसंच एप्रिल २०२५पासून भारतीय कंपन्यांना पाकिस्तानची हद्द बंद आहे, त्यामुळे त्यांच्या युरोपच्या विमानांना वळसा घालावा लागतो. दिल्लीमार्गे जायचं असेल तर डिसेंबर-जानेवारीत धुक्याचा विचार करा. मुंबई-दिल्ली विमानाला दोन-तीन तास उशीर होणं त्या दिवसांत नेहमीचंच आहे. दिल्लीला ४-५ तास ठेवा किंवा त्या महिन्यांत दिल्ली टाळाच.

लंडनमार्गे पॅरिस किंवा रोमला जाणारं स्वस्त तिकीट दिसलं तर हात आखडता घ्या. भारतीय पासपोर्टवर हीथ्रोला नुसतं विमान बदलायलाही ब्रिटनचा ट्रान्झिट व्हिसा लागतो, आणि शेंगेनचा पर्यटक व्हिसा त्यातून सूट देत नाही. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया किंवा न्यूझीलंडचा वैध व्हिसा असणाऱ्यांना सूट मिळू शकते. बाकीच्यांना मुंबईच्या काउंटरवरच थांबवतात.

तिकिटावरची घड्याळं

तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या त्या गावची असते. युरोपचा मुख्य भाग हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतो आणि उन्हाळ्यात साडेतीन. हा बदल मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होतो. दुबई दीड तास मागे, दोहा आणि इस्तंबूल अडीच तास.

समजा जूनमध्ये मुंबईहून पहाटे ४:०० वाजता निघालात आणि दोहाला ५:१५ला उतरलात. वाटतं सव्वा तास लागला, पण खरे पावणेचार तास झाले. तिथून ७:१५ला निघून रोमला १२:१५ला पोचलात, तर ते उड्डाण सहा तासांचं. एकूण पावणेबारा तास. पर्यायांची तुलना करताना नेहमी एकूण तासच बघा, घड्याळाच्या वेळा वजा करत बसू नका.

तारखेचा घोळ याहून वाईट. युरोप-आखाताची बरीच विमानं मुंबईहून मध्यरात्रीनंतर सुटतात. तिकिटावर १२ मे, रात्री २:३० असं असेल तर ११ मेच्या रात्री जेवून विमानतळावर जायचं आहे. कॅलेंडरवर ‘११ मे, रात्री ११ वाजता टर्मिनल २’ असंच लिहून ठेवा. विमा आणि पहिल्या रात्रीचं हॉटेलही याच हिशोबाने ठरवा.

पोचायची वेळ शक्यतो दुपारी १ ते ४ची घ्या. हॉटेलची खोली साधारण २-३ वाजता मिळते. पहाटे ६ला उतरलेलं कुटुंब बॅगा घेऊन आठ तास ताटकळतं आणि पहिला दिवस पेंगण्यात जातो.

मुंबईपर्यंत पोचणं

पुण्याहून टर्मिनल २ साधारण १५० किलोमीटर. २:३०च्या विमानासाठी पुण्यातून संध्याकाळी ५च्या आत निघा. शुक्रवार असेल किंवा पावसाळ्यात घाटात कोंडी होत असेल तर ३:३०लाच. बहुतेक काउंटर विमानाच्या तासभर आधी बंद होतात आणि तिथे विनवण्या चालत नाहीत.

नागपूर, छत्रपती संभाजीनगर, गोव्याहून विमानाने येणाऱ्यांनी आता एक नवी गोष्ट तपासायला हवी. डिसेंबर २०२५पासून नवी मुंबई विमानतळही सुरू झाला आहे. देशांतर्गत विमान तिथे उतरणार आणि परदेशी विमान मुंबईच्या टर्मिनल २वरून सुटणार असेल, तर मधे सामानासकट रस्त्याने जावं लागतं. सांताक्रूझच्या टर्मिनल १ला उतरलात तरी टर्मिनल २ला गाडीनेच जायचं आहे. वेगळं तिकीट असेल तर ५-६ तास हातात ठेवा.

बॅग देताना काउंटरवरून लगेच हलू नका. बॅगेला लावलेल्या पट्टीवर शेवटच्या विमानतळाचा तीन अक्षरी कोड मोठ्या अक्षरांत असतो. रोमला जाताय तर तिथे ‘एफसीओ’ हवं. ‘एफआरए’ दिसलं तर बॅग फ्रँकफर्टलाच उतरणार, तिथल्या तिथे दुरुस्त करून घ्या. पावतीचा स्टिकर जपा, बॅगेचा फोटो काढा, आणि औषधं, एक जोडी कपडे आणि चार्जर हातातल्या बॅगेत ठेवा. पॉवर बँकही हातातल्याच बॅगेत, सामानात चालत नाही.

ज्येष्ठांसाठी व्हीलचेअर निदान ४८ तास आधी नोंदवा आणि ती सगळ्या विमानांवर दिसतेय ना ते बघा. व्हीलचेअरच्या प्रवाशांना बहुधा सगळ्यांच्या शेवटी उतरवतात, म्हणून त्यांच्यासाठी ३ तासांपेक्षा कमी लेओव्हर नकोच. जेवणाचीही नोंद आधी करा: भारतीय शाकाहारीसाठी ‘एव्हीएमएल’, जैनसाठी ‘व्हीजेएमएल’. युरोपातल्या छोट्या उड्डाणांत पुष्कळदा पाण्याशिवाय काही मिळत नाही, तेव्हा चिवडा-भडंग हाताशी ठेवा. दूध आणि मांसाचे पदार्थ युरोपीय संघात नेता येत नाहीत. म्हणजे पेढे, बर्फी, तूप नाही. हापूसची पेटीही नाही, त्याला रोगमुक्ततेचं सरकारी प्रमाणपत्र लागतं.

विमान चुकलं, बॅग आली नाही

विमान चुकलं तर बाहेर पडू नका. आधी कंपनीचं ॲप उघडा, नवं विमान बऱ्याचदा तिथे आपोआप लागलेलं असतं. नसेल तर ट्रान्सफर डेस्कच्या रांगेत उभं राहून त्याच वेळी कस्टमर केअरला फोन लावा. जे आधी मिळेल ते. जेवणाचं कूपन आणि मुक्काम पडला तर हॉटेल मागून घ्या.

युरोपीय नियम २६१/२००४ नीट कळला तर पैसेही मिळतात. ३,५०० किलोमीटरहून लांबच्या प्रवासात शेवटच्या ठिकाणी ३ तास किंवा जास्त उशिरा पोचलात, तर माणशी ६०० युरो भरपाई आहे. उशीर ४ तासांच्या आत असेल तर ती निम्मी होऊ शकते. वादळ किंवा हवाई नियंत्रकांचा संप अशी कारणं असतील तर भरपाई नाही, पण जेवण-मुक्काम तरीही द्यावाच लागतो. युरोपातून निघणाऱ्या सगळ्या कंपन्यांना हा नियम लागू आहे. युरोपात येणाऱ्या विमानांना मात्र कंपनी युरोपीय असेल तरच. म्हणजे रोम-दोहा-मुंबई एका तिकिटावर असेल तर हक्क आहे, मुंबई-दोहा-रोमला नाही. मुंबई-फ्रँकफर्ट-रोम जर्मन कंपनीचं असेल तर आहे. बोर्डिंग पास फेकू नका आणि उशिराचं कारण लेखी मागा.

बॅग आली नाही तर पट्ट्याजवळच्या काउंटरवर तक्रार नोंदवून क्रमांक घेतल्याशिवाय कस्टम्सच्या बाहेर पाऊल टाकू नका. बॅग मोडली असेल तर ७ दिवसांत आणि उशिरा मिळाली तर मिळाल्यापासून २१ दिवसांत लेखी दावा करायचा असतो. मधल्या काळात घेतलेल्या कपड्यांच्या, टूथब्रशच्या पावत्या ठेवा.

परतीच्या दिवशी तिथल्या खरेदीवर भरलेला कर परत घ्यायचा असेल तर तासभर आधी निघा. खरेदी चेक-इनच्या बॅगेत असेल तर बॅग जिथे देणार त्या विमानतळावर, बॅग देण्याआधी कस्टम्सची नोंद करायची. वस्तू हातातल्या बॅगेत असेल तर युरोपीय संघातल्या शेवटच्या विमानतळावर. पॅरिसला खरेदी करून झुरिकहून परतणाऱ्यांचं इथेच चुकतं. स्वित्झर्लंड शेंगेनमध्ये असलं तरी युरोपीय संघात नाही, त्यामुळे ती नोंद फ्रान्स सोडतानाच व्हायला हवी. झुरिक विमानतळावर ती करता येत नाही.